लेकीचे मंगळवार

कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या त्या गल्लीजवळून गाडी गेली की अजून माझा पाय ब्रेकवर जातो. तिथे रस्त्याकडेला, एसी लावून, मी दोन वर्षं दर मंगळवारी बसले. आत एका बंगल्यातल्या खोलीत माझी लेक एका बाईंशी तासभर बोलायची आणि मी बाहेर मटार सोलायची. चेष्टा नाही, खरंच सोलायची. मला रिकामं बसवत नाही.

लेक तेव्हा वीस वर्षांची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मी नाशिकची, इथे कुवेतमध्ये एका क्लिनिकच्या लॅबमध्ये टेक्निशियन. जे रक्तात दिसत नाही ते माझ्या लेखी नाहीच. "रिपोर्ट कुठाय?" मी विचारलं. रिपोर्ट नव्हता. होतं ते घरात दिसत होतं. मैत्रिणीने मेसेजला उशिरा उत्तर दिलं की ती वैरीण. मी जरा आवाज चढवला की, "तू मला टाकून देणार, आय नो!" मग दार बंद, आणि आत ती स्वतःला इजा करून घ्यायची. दाराबाहेर उभी राहून मी कुठले कुठले देव आठवले, ते माझं मला ठाऊक. पोरगी जगू दे, एवढंच मागणं होतं.

उपाय काय, तर सायकोथेरपी. "नुसतं बोलून बरं होतं म्हणे!" मी ह्यांना म्हटलं. "बोलायला मी काय मुकी आहे?" हे मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून दमून आलेले. बूट काढता काढता म्हणाले, "तू बोलतेस गं. त्या बाई ऐकतात." असा संताप आला मला!

पहिल्याच भेटीत मी बाईंना विचारलं, कधी बरी होईल? त्या म्हणाल्या, तारीख देता येणार नाही, पण या थेरपीचा पुष्कळांना उपयोग होतो. वादळं लगेच थांबणार नाहीत. आधी लवकर ओसरायला लागतील, मग कमी येतील. वर मलाही गृहपाठ दिला. ती रडत असताना "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही, आणि "आधी जेवून घे" तर मुळीच नाही. अरे देवा! मग आईने बोलायचं तरी काय? "तुझ्या मनाला फार लागलंय ना," एवढं म्हणून गप्प बसायचं. जीभ चावत चावत शिकले.

लेकीला शिकवलं होतं की मनाचा भडका उडाला तर चेहऱ्यावर गार पाणी घ्यायचं. बाई थंड देशातून नुकत्याच आलेल्या, त्यांना काय माहीत! ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी असं तापतं की गार नळाला हात लावायची सोय नाही. आम्ही जुने कुवेतवाले उन्हाळाभर गीझर बंद ठेवतो आणि त्यातलं निवलेलं पाणी आंघोळीला घेतो. पोरगी रडत बेसिनकडे धावली, सवयीने गार नळ सोडला आणि किंचाळली, "इव्हन द टॅप हेट्स मी!" मी फ्रीझर उघडला. हाताला खवलेल्या नारळाचं अर्धं पाकीट लागलं, तेच तिच्या डोळ्यांवर दाबलं. थोडा वेळ नुसते हुंदके. मग पाकिटाआडून आवाज आला, "आई, मला नारळाच्या वड्यांचा वास येतोय." आणि आम्ही दोघी फरशीवर बसून हसलो. इतक्या लवकर ओसरलेलं ते पहिलं वादळ.

तासभर बोलून ती बाहेर यायची तेव्हा पिळून काढल्यासारखी असायची. आत काय झालं, मी विचारत नसे. समुद्राकडे गाडी लावून आम्ही डब्यातलं थालीपीठ खायचो. कधी ती खांद्यावर डोकं टेकायची, कधी फणकाऱ्याने खिडकीबाहेर बघत बसायची. खरं सांगते, तो आजार वैऱ्यालाही नको. पण ते मंगळवार मला हवेसे वाटतात. इतकी जवळ ती पुन्हा कधी बसली नाही.

हळूहळू दार बंद होणं थांबलं. स्वतःला इजा करणंही थांबलं. आता ती पुण्यात नोकरी करते, एकटी राहते. सगळं गेलंय असं ती स्वतःही म्हणत नाही.

परवा मात्र मी माती खाल्ली. पुण्यातल्या माझ्या बहिणीला हळूच सांगितलं, "सहज म्हणून डोकावून ये, बघ कशी आहे." मावशी सहज डोकावली, आणि तिने सहज फ्रीज, कपाट, औषधांचा डबासुद्धा बघितला. संध्याकाळी लेकीचा फोन.

"तू माझ्यावर नजर ठेवायला मावशीला पाठवलंस?"

मी म्हटलं, "अगं, काळजी वाटते…"

"मला तुझा प्रचंड राग आलाय, आई. आत्ता बोलले तर वाईट बोलेन. उद्या फोन करते."

फोन बंद. ती बंद खोली, ते दार, सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि या वेळी मधे अख्खा समुद्र. हे म्हणाले, "मावशीला पाठवू का परत?" मी मानेनेच नाही म्हटलं. उद्या करते म्हणाली होती. त्या शब्दावर मी भिस्त ठेवली. त्याआधी कधी ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये होते, तेव्हा फोन वाजला.

"मी अजून रागावलेलीच आहे," लेक म्हणाली. "डब्याला काय नेलंस?"

"दुधी," मी म्हटलं, आणि पेशंटसमोर ढसाढसा रडले.