मांडलेलं सुंबरान

पुरस्काराचा फॉर्म मी भरला. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे दोष कुणाचा ते शोधत बसायला नको.

बिरू तात्या माझे थोरले चुलते. रिहे गावात आमची धनगरांची चार घरं, त्यातलं टोकाचं त्यांचं. सत्तरी उलटली तरी सकाळी शेरडं घेऊन डोंगराला. पूर्वी दीडशे मेंढरं व्हती. डोंगराला फार्महाऊसवाल्यांनी तारंची कुंपणं घातली, तशी ऱ्हायली अकरा शेरडं. भागूबाई काकी म्हणायची, "अंगात धड सदरा न्हाई, पर गळ्यात देव बसलाय ह्यांच्या." खोटं नव्हतं ते. बिरोबाच्या देवळाम्होरं तात्यांनी ओवी धरली आन मागनं त्यांचा जोडीदार गेणबानं शेवटची ओळ उचलून झील दिली, की मलासुद्धा उठू वाटायचं न्हाई. शब्दाकडं माझं ध्यान नसायचं, नुसती बसायची मी.

तात्यांचा नेम कडक. ओवीच्या आधी सुंबरान मांडायचं, म्हंजे देवाला नावानं हाका मारून खाली बोलवायचं. मग त्याची गोष्ट शेवटापत्तुर गायची आन भंडारा वाहून त्याला परत धाडायचं. जिथं मांडलं तितंच उतरवायचं. ते उतरल्याबगर दुसरं मांडायचं न्हाई. "पाव्हणा दारात उभा करून दुसऱ्याला जेवायला बोलावता व्हय गं?" म्हणायचे.

मी सूसला एका सोसायटीच्या ऑफिसात कामाला. तितं नोटीस लागली. म्हाळुंग्याचं एक मंडळ दरवर्षी अध्यात्मसेवा पुरस्कार देतं, नावं पाठवा. मला हुरूप आला. घरी येऊन विचारलं, "तात्या, तुमचं योगदान काय लिहू?"

"योगदान? शेरडं राखली म्या. लिही."

"आन ओवी?"

"ती देवाची. ती माझ्या नावावर कशाला लिवतीस?"

मी पानभर लिहिलं. नाव निघालं! मंडळाचा फोन आला, आजोबांनी थोडं गाऊन पण दाखवावं. तात्यांनी एकच विचारलं, "दीड तास देत्याल का?"

"लागंल तेवढा येळ घ्या की," मी म्हणाले. कुणाला विचारलं व्हतं मी? कुणाला न्हाई. जळली माझी जीभ.

हॉल एसीचा, खुर्च्यांना पांढरी कापडं. तात्यांनी काकीनं धुतलेलं धोतर नेसलेलं, शेजारी गेणबा. सूत्रसंचालन करणारे निरंजन सर गोड हसून म्हणाले, "दोनच मिनिटं हं आजोबा." तवर तात्यांनी डोळे मिटले व्हते. हात कानाला लावला आन सुंबरान मांडलं. एकेक देव हाक मारून बोलावला, बिरोबाला बोलावलं आन गोष्टीला हात घातला. पाच मिनिटं झाली असतील नसतील, मागं लोकं घड्याळं बघाय लागली. निरंजन सरांनी पुढचा माइक उचलला. "वा! काय तो अस्सल आवाज! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. शाल पडली. तात्या शालीखालीबी गात व्हते. मग हातात ट्रॉफी कोंबली, दोन पोरींनी दंडाला धरून पायरीकडं वळवलं, तवा थांबले. मला बघून म्हणाले, "उज्वले, सांग की गं ह्यांना. देव हितं आलाय."

आन मी शहाणी काय म्हणावं? "तात्या, लोकांना जेवायचं हाय. चला खाली."

त्या दिसापास्नं तात्यांनी ओवी म्हटली न्हाई. ट्रॉफी काकीनं तांदळाच्या पिंपावर ठेवली. मला वाटलं, म्हातारं रुसलंय, निवंल. न्हाई निवलं. मी तीनदा त्या हॉलवर गेले. दीड तास द्या म्हटलं, तर म्यानेजर म्हणाला, बुकिंग करा. कसलं बुकिंग लिहू, देव परत धाडायचं? चैताच्या जत्रेला ढोल वाजले, भंडारा उधळला, लोकं तात्यांच्या तोंडाकडं बघत बसली. तात्या भिंतीला टेकून गप. म्होरं बसून ओवी धरायला दुसरं कोण शिकलंय आमच्यात? पोरं सगळी कंपन्यांच्या गाड्यांवर. गणपतीच्या आधी गेणबा गेला. तात्या त्याच्या मातीला गेले, तितंबी ओवी न्हाई.

वर्ष सरत आलं तवा हॉलचा नवा वॉचमन वाल्मीक, परभणीकडचा, त्याला माझी दया आली. म्हणाला, "ताई, गुरुवारी दुपारी हॉल मोकळा हाय. आना आजोबाला."

तात्या त्या दिवशी आपणहून आंघोळ करून बसले व्हते. भंडाऱ्याची पिशवी कंबरंला. वर्षभरानं चेहरा उघडलेला बघून मला मेलीला रडू आलं.

हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. तात्या बरोब्बर त्याच जागी जाऊन उभे ऱ्हायले. डोळे मिटले, कानाला हात लावला, तोंड उघडलं. आवाज आला न्हाई. पुन्हा उघडलं. मग हात खाली घेतला.

"उज्वले, कुटवर आलो व्हतो गं?"

मी फोन काढला. त्या दिसाचा व्हिडिओ व्हता माझ्याकडं. त्यात टाळ्या व्हत्या, शाल व्हती, ट्रॉफी व्हती. टाळ्यांच्या आवाजात ओवीचं एक अक्षर कळत नव्हतं. त्याच्या आधी, ओवी चालू असताना, मी फोन बंद ठेवला व्हता, ट्रॉफीच्या येळेला चार्जिंग पुरावं म्हणून.

"पहिल्यापास्नं म्हणा की, तात्या."

"आलेल्याला पुन्यांदा कसं बोलवू?" ते म्हणाले. "तू व्हतीस की म्होरं बसलेली. गेणबा गेला, तूच एक ऐकणारी ऱ्हायलीस. आठव जरा."

ते वाट बघत उभे ऱ्हायले. मी लई आठवलं.

"न्हाई ठाऊक, तात्या," मी म्हणाले. "मी ऐकतच नव्हते."