‘त्याले’ आणि ‘त्यायले’

ती घटना अजून आठवते, ती एका न घेतलेल्या नावामुळे. मीही इथे कोणाचं नाव घेणार नाही, पण माझं कारण साधं आहे. त्या माणसांची मुलंबाळं अजून त्याच तालुक्यात राहतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली नुकताच वेगळा झाला होता आणि मी धानपट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, मधून नागभीडकडे जाणारा रस्ता. कापणी सुरू होती आणि निवडणूक तोंडावर होती. दोन्हींत विळे बाहेर निघतात, त्यामुळे ठाण्याला झोप नसते.

एका सकाळी सरकारी दवाखान्यातून खबर आली. राईस मिलमधल्या फिटरला आदल्या संध्याकाळी कोणीतरी व्हरांड्यात आणून ठेवून निघून गेलं होतं. पाय मोडलेला, डोक्याला जखम, आणि जखमेवर पुरुष खांद्यावर टाकतात तसा एक चांगला धुतलेला दुपट्टा घट्ट बांधलेला. मी विचारलं तर म्हणाला, “पडलो, साहेब.” पडलेल्या माणसाच्या पाठीवर काठीचे वळ उठत नाहीत. पण त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

दुपारी आमचा खबऱ्या आला. बसस्टँडवर पानठेला चालवायचा. “दवाखान्यापाशी भाऊची जीप होती, साहेब. मागची सीट लाल झाली हाय.”

भाऊ म्हणजे पंचायत समितीचे सभापती. पुढे जिल्हा परिषदेत जाणार, हे सगळे धरून चालले होते. बाजारात उभे राहिले की दिसेल त्याला नावाने हाक मारायचे. कोणाच्या पोरीचं लग्न कुठे ठरलं, कोणाच्या बैलाचं नाव काय, सगळं तोंडपाठ. त्यांची निम्मी मतं त्या हाका मारण्यात होती.

मी निरोप धाडायच्या आत ते स्वतःच ठाण्यात आले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मीच मारलं. लिहून घ्या.”

“कशावरून?”

“राग आला.”

हवालदार जबाब लिहू लागले. मी विचारलं, “कोणाला मारलं? नाव सांगा.”

“तुमाले माहीत हाय.”

“जबाबात तुमच्या तोंडून यायला हवं.”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “लिहा ना. मिलमंदी काम करते, त्यायले.”

हवालदार त्याच भागातले, मुरलेले. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “दुश्मनाचं नाव तोंडात घेऊन नाई राह्यले, साहेब.” मलाही ते पटलं. वैर जुनं असलं की माणूस नाव घ्यायचं टाकतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं होतं.

हवालदारांनी लिहिलेलं मी वाचून पाहिलं. ‘मी त्यास काठीने मारहाण केली.’ कागदी मराठीत सगळे एकाच मापाने मोजले जातात. पण माझ्या कानात ‘त्यायले’ राहिलं होतं. इकडे आपल्या बरोबरीच्याला, लहानाला, नोकराला ‘त्याले’ म्हणतात. ‘त्यायले’ हा मान आहे, वडीलधाऱ्यांचा. फिटर वयाने लहान, ऐपतीने लहान, आणि जबाबाप्रमाणे यांनीच त्याचा पाय मोडलेला. मग हा मान कसला?

“दुपट्टा कोणाचा?” मी विचारलं.

“रगत वाह्यत होतं त्यायचं,” ते म्हणाले, आणि त्यांचा हात आपल्या रिकाम्या खांद्याकडे गेला.

तेव्हा मला माझी आई आठवली. मला शाळेत घालायला आली होती. गुरुजींनी वडिलांचं नाव विचारलं तशी तिने मान खाली घातली आणि मला कोपराने ढोसलं. मी नाव सांगितलं. जन्मभर तिने ते कधी उच्चारलं नाही. घरात वडील म्हणजे ‘ते’, एवढंच.

मी हवालदारांना चहा सांगायला पाठवलं. खोलीत आम्ही दोघेच राहिलो. जे समजलं होतं ते मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, “भाऊ, हा जबाब मी आज अपुरा ठेवतो.”

त्यांना कळलं. म्हणाले, “पुरा करा, साहेब. मारामारीत आत गेलो तं लोक मले गुंडा म्हणतील. गुंडा म्हनलेलं चालते. दुसरं नाई चालत.” मग म्हणाले, “सभेत बोलतो तं अर्धं ध्यान भाषणात असते. अर्धं, कोन कसा पाहून राह्यला याच्यात. लगन झालं तवापासून असाच जगून राह्यलो.”

दोन पुरुषांच्या अशा नात्याला गुन्हा ठरवणारं तीनशे सत्याहत्तर कलम तेव्हा पुस्तकात होतं. लावायचंच असतं तर दोघांनाही लावता आलं असतं, आणि विरोधकांनी मला हार घातला असता. पण माझ्यापुढे मोडलेला पाय होता. तो कोणी मोडला हे शोधण्याचा मला पगार होता. बाकीच्याचा नव्हता.

दिवस मावळायच्या आत त्यांची बायको आली. डोक्यावर पदर, चेहरा कोरडा. उभ्यानेच म्हणाली, “साहेब, माह्या भावाले धरा. माह्या संसारापायी मारलं त्यानं, संगं त्याचे दोन गडी होते. ह्यायनं फक्त उचलून आनलं.”

“तुमच्या सख्ख्या भावाचं नाव देताय, बाई.”

“माहा भाऊ बहिनीच्या अब्रूपायी तोंड नाई उघडनार, जेलात गेला तं परत येईन. ह्यायच्यावर खटला चालला अन् गोष्ट गावात गेली तं हे विहीर जवळ करतील.” दाराशी जाऊन ती वळली. “मी ह्यायचं नाव नाई घेत. अन् हे त्या मानसाचं नाव नाई घेत. मले काऊन नाई समजनार?” त्या बोलण्यात राग होता का, मला आजही सांगता येत नाही. थकवा मात्र होता.

मी दवाखान्यात जाऊन फिटरला सांगितलं की भाऊंनी गुन्हा कबूल केला आहे. तो पडल्या जागेवरून उठायला धडपडला. “भाऊनं? खोटं हाय. मारनारे तिघं होते.” मग नावं आली, जागा आली, काठ्याही मिळाल्या. दोषारोपपत्रात कारण लिहायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, ‘कौटुंबिक वाद’. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मेहुण्याला शिक्षा झाली.

भाऊ पुढे राजकारणात राहिले, पण वर चढले नाहीत. विधानसभेचं तिकीट दारात आलं तरी परत पाठवलं. लोक म्हणाले, काय निर्मोही माणूस! मला ठाऊक होतं. जेवढी खुर्ची उंच, तेवढे बघणारे डोळे जास्त.

त्या प्रकरणाने मला जबाब ऐकायला शिकवलं. माणूस काय सांगतो ते हवालदारही लिहून घेतो. त्याच्या तोंडून काय निघत नाही, तिकडे कान ठेवावा लागतो. आणि एवढंही कळलं की तिथे सापडलेली प्रत्येक गोष्ट सरकारची नसते.

बऱ्याच वर्षांनी फिटर तापाने गेल्याचं कळलं. मी निवृत्त झालो होतो, तरी मिलच्या आवारातल्या शोकसभेला गेलो. भाऊ अध्यक्ष. खूप बोलले. चहात साखर कशी कमी लागायची, ग्रीसचे हात धोतराला कसे पुसायचे, सगळं. पण शेवटपर्यंत ‘ते’ आणि ‘त्यायले’. माझ्या शेजारचा हमाल कुजबुजला, “भाऊ म्हातारा झाला. नाव इसरला.” बायकांना निदान उखाण्यात तरी नाव घेता येतं. भाऊंना तेवढीही सोय नव्हती.

शेवटी नाव घेऊन श्रद्धांजली वाहायची होती. भाऊंनी माईक धरला, ओठ हलले, पण नाव येईना. तेव्हा बायकांच्या रांगेतून त्यांची बायको उठली, त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिने त्या फिटरचं नाव मोठ्याने घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.