मोहियोद्दीन कंपाउंडरच्या पांढऱ्या गोळ्या

मोहियोद्दीन कंपाउंडरला ऋतू ओळखायला पंचांग लागत नसे. अहमदपूरकडच्या सरकारी दवाखान्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. थंडी पडली की पोटातल्या जखमेचे, म्हणजे अल्सरचे, पेशंट येणार, हे ठरलेलं. बहुतेक तंबाखू खाणारे बाप्ये, पोट धरून वाकलेले. उन्हाळा लागला की त्यांच्या खाटा रिकाम्या. अलीकडे तर थंडीतही ते कमी झाले होते. "साहेब, ही बिमारी आता म्हातारी झाली," असं तो डॉक्टरांना मोठ्या ऐटीत सांगायचा.

मग दुष्काळ पडला. लातूर जिल्हा होऊन पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. जिकडंतिकडं रोजगार हमीचे नवे रस्ते निघाले आणि गावंच्या गावं खडी फोडायला बसली. मोहियोद्दीन दर मंगळवारी कामावर जाऊन बायांना कंबरदुखीच्या पांढऱ्या गोळ्या वाटी. "जेवून घ्या गं," असं प्रत्येकीला बजावून सांगे. खडी फोडणारी पंचशीला हसून म्हणे, "चाचा, दोन जास्त द्या." हा भला माणूस चार द्यायचा. आपल्या हाताला गुण आहे असं वाटायचं त्याला, दुसरं काय!

भर वैशाखात पोट धरून चार बाया आल्या. बाया, आणि त्याही उन्हाळ्यात! त्याचा बावीस वर्षांचा अंदाज पार चुकला. पाचवी पंचशीला, बैलगाडीत घालून आणलेली. पोट लाकडासारखं कडक. हात ठेवताच त्यानं ओळखलं, आत जखम फुटलीय.

"गोळ्या जेवून घेत होतीस ना, पोरी?"

"भाकर लेकरांपुरतीच व्हती, चाचा. पण तुमची गोळी लई गुणाची. सकाळी खाल्ली की भूक बी मरते."

रिकाम्या पोटी हीच गोळी आत जखम करते, हे मोहियोद्दीनला ठाऊक होतं. घरात सगळ्यांच्या मागून, उरलं तर जेवणाऱ्या बायांना तो 'जेवून घ्या' म्हणत आला होता. याच गोष्टीची त्याला पुढं जन्मभर लाज वाटली. पंचशीलाला जीपनं नांदेडला नेलं, पण ऑपरेशनपर्यंत ती टिकली नाही.

पुढच्या मंगळवारी तो कामावर गेला तो डबा बंद ठेवूनच.

"आधी भाकर खाऊन दाखवा, मगच गोळी."

भाकरीचं फडकं एकीकडंही नव्हतं. रांगेत सगळ्यांत पुढं पंचशीलाची सासू, सरजाबाई उभी होती. तिनं हात पसरला.

"पंचशीलाच्या वाटच्या बी मलाच द्या, भाई. तिची खडी आता मीच फोडून राहिले."