जेवायला या, पासपोर्ट घेऊन

विजयमालाबाई मांजरी गावात उसाच्या रोपवाटिकेत कामाला जातात. ट्रेच्या एकेका खळग्यात उसाचा एक डोळा ठेवायचा, वरून हलक्या हातानं भुसा पसरायचा, की पुढचा ट्रे. दिवसाला दोनशे ट्रे होतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात त्या आणि सव्वीस वर्षांचा इंद्रजीत, दोघंच.

इंद्रजीत गेल्या वर्षी बँकॉकला गेला होता. कॉल सेंटरची नोकरी, एका एजंटानं लावून दिलेली. विमानतळावर उतरल्यावर त्याला गाडीत घातलं आणि आठ तास फिरवलं. मग होडीतून नदी ओलांडली आणि पलीकडे उंच भिंतींच्या आवारात नेऊन टाकलं. दारावर बंदूकवाले. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत अनोळखी लोकांना गोड बोलून फसवायचं, हे काम. नकार दिला की वायरनं मार. सात महिन्यांनी सरकारनं तिथल्या पोरांना सोडवून विमानानं परत आणलं, त्यांत तो होता.

घरी आल्यावर त्यानं आईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कुणाला बोललीस तर मी घर सोडून जाईन. मी लोकांना लुबाडलंय आई. पोलीस मलाच धरतील." विजयमालाबाईंनी शपथ घेतली. गल्लीत सांगितलं, कंपनी बंद पडली म्हणून परत आला. लोकांनी दोन दिवस विचारलं आणि सोडून दिलं.

श्रावणात एका सोमवारी शेजारच्या द्वारकाची मुलगी संस्कृती पेढे घेऊन आली. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेली पोर.

"काकू, जॉब लागला! बँकॉकला. कस्टमर सपोर्ट. गुरुवारी सरांनी सगळ्या कॅन्डिडेट्सना लंचला बोलावलंय, कॅम्पात. थाई फूडची सवय व्हावी म्हणून. पासपोर्ट तिथंच सबमिट करायचाय."

पेढा विजयमालाबाईंच्या हातातच राहिला. "नाव काय त्या सरांचं?"

"राजस सर."

इंद्रजीतला पाठवणाऱ्याचं नाव वेगळं होतं. त्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, फोनवर आवाज तेवढा ऐकला होता.

"जाऊ नको गं."

"का?"

त्यांना शपथ आठवली. आतल्या खोलीत इंद्रजीत झोपलेला होता, का जागा होता, कोण जाणे.

"मग मी येते तुझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "मोठं माणूस नको का कुणी बरोबर?"

द्वारकाला गुरुवारी कारखान्यात पहिली पाळी होती. तिला उलट बरंच वाटलं.

बसमधून पूलगेटला उतरून दोघी चालत गेल्या. एका चपलांच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं चढून जायचं ते हॉटेल. आठ टेबलं, भिंतीवर कागदावर छापलेले दर, दुपारची प्लेट एकशेऐंशीला. मालकीण आलिया गल्ल्यावर बसायची. तिचा नवरा तालिब बारा वर्षं बँकॉकच्या हॉटेलांत स्वयंपाकी होता. आता इथं स्वतःच रांधायचा आणि स्वतःच वाढायचा.

राजस सर आधीच आले होते. तिशीचा, दाढी नीट कोरलेली, पायाशी काळी बॅग. समोर दुसरा उमेदवार, वारज्याचा आमोद, बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, ताठ.

"अरे वा, आईसुद्धा आल्या!" राजस उठून म्हणाला. "या, बसा."

"आई नाय, शेजारीण हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. आवाज ओळखीचा वाटला, पण खात्री होईना. फोनवर सगळेच आवाज थोडे वेगळे येतात. त्या मुद्दाम त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

सूप आलं. गवती चहाचा वास आला तशा त्या क्षणभर चमकल्या. हा आपल्या परसातला वास, पण त्याखाली मासळीचं काहीतरी आंबट, अनोळखी. दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली. संस्कृती तांदळाच्या शेवया काट्याला गुंडाळत होती आणि हसत होती.

"पासपोर्ट आणलेत ना?" राजसनं विचारलं. आमोदनं खिशातून काढून दिला. संस्कृतीनं पर्समधून. दोन्ही त्यानं बॅगेत टाकले आणि चेन ओढली. विजयमालाबाईंना त्या चेनचा आवाज फार मोठा वाटला.

"इतक्या लांब एकटी पोर..." त्या म्हणाल्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

राजसनं त्यांच्या खांद्याजवळ वाकून सांगितलं, "आई, टेन्शन घ्यायचं नाही. पोरगी राणीसारखी राहील तिथं."

हाच तो. इंद्रजीतचा एकोणीस दिवस फोन नव्हता तेव्हा त्यांनी एजंटाला फोन लावला होता, आणि हाच आवाज असाच म्हणाला होता, आई, टेन्शन घ्यायचं नाही, पोरगा राजासारखा आहे तिथं. अगदी ह्याच लाडिक सुरात. त्याच वेळी तिकडे पोराच्या पाठीवर वळ उठत होते.

विजयमालाबाईंचे कान तापले. उठून त्याच्या तोंडावर सूप ओतावं असं वाटलं. पण मग हा बॅग उचलून जाणार, आणि पोरं म्हणणार म्हातारीला वेड लागलंय. आणि शपथ? घरी गेल्यावर खोली रिकामी दिसली तर?

त्या पाणी प्यायल्या. मग साधंच विचारलं, "हापिस विमानतळापासून किती लांब?"

"जवळच. शहरातच आहे."

"गाडीनं आठ तास लागत्यात का?"

राजसचा घास थांबला. "कोण म्हणालं?"

"आणि वाटंत नदी लागती का? होडीनं वलांडावी लागती, ती?"

शेवयांची दुसरी ताटली घेऊन आलेला तालिब तिथंच उभा राहिला. "आठ तास?" तो म्हणाला. "मावशी, विमानतळावरून बँकॉक तासाभरावर आहे. आठ तासांत तर म्यानमारची हद्द येते. तिथल्या नदीपलीकडे कसली ऑफिसं आहेत, ते मलाही ऐकून माहीत आहे."

"काकू, तुम्ही काय बोलताय?" संस्कृतीचा चेहरा उतरला.

"माझा इंद्रजीत ह्यानंच पाठवला होता." एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "कंपनी बंद पडली, हे मी खोटं सांगितलं. कोंडून ठेवलं होतं त्याला. वायरनं मारायचे. सात महिनं."

राजस हसला, पण उठलाच. "मावशींचे कुणीतरी कान भरलेत. आपण दुसरीकडे बसून बोलू, चला." आणि त्यानं बॅग उचलली.

विजयमालाबाईंनी बॅगेचा पट्टा धरला. ट्रे उचलून उचलून घट्ट झालेले हात. त्यानं हिसडा मारला तशी त्यांची खुर्ची मागे पडली, त्या गुडघ्यावर आल्या, पण पट्टा सुटला नाही.

"सोड म्हातारे!" आता आवाजात लाडिकपणा नव्हता.

आलिया गल्ल्यावरून उठून जिन्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "इथं बिल दिल्याशिवाय कुणी जात नाही," ती थंडपणे म्हणाली. "आणि दुसऱ्यांचे पासपोर्ट घेऊन तर नाहीच. तालिब, पोलिसांना फोन लाव."

तालिबनं फोन कानाला लावला. राजसनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तालिबकडे. मग चेन उघडून दोन्ही पासपोर्ट टेबलावर फेकले, बॅग ओढून घेतली आणि आलियाला खांद्यानं ढकलून जिना उतरला. आमोदनं खिडकीतून त्याच्या मोटारसायकलचा फोटो काढायचा प्रयत्न केला. नंबर अर्धाच आला.

संस्कृती रडत नव्हती. तिनं पासपोर्ट दोन्ही हातांत धरला होता. आमोद मात्र चिडला. "काकू, हे तुम्हाला आधी सांगता आलं असतं ना? मी आहे ती नोकरी सोडलीय ह्यासाठी."

तो म्हणत होता ते खरंच होतं.

आलियानं गुडघ्यावर बर्फ लावला. पोलीस पाऊण तासानं आले. त्यांनी नावं लिहून घेतली आणि म्हणाले, तुमच्या मुलाचा जबाब लागेल, त्याशिवाय पुढं काही होणार नाही.

बसमध्ये संस्कृतीनं एकच विचारलं, "इंद्रजीतदादाला कळलं तर?"

"मीच सांगणार हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी घरात पाऊल टाकताच सांगून टाकलं. इंद्रजीतनं ऐकून घेतलं, पिशवीत दोन शर्ट भरले आणि निघून गेला. फोन बंद. विजयमालाबाई दोन दिवस कामावर गेल्या नाहीत, उंबऱ्यात बसून राहिल्या. द्वारका जेवण घेऊन यायची, पण आधी सांगितलं नाही हा राग तिच्याही मनात होताच. ताट ठेवून ती न बोलता परत जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. बिबवेवाडीत मित्राकडे होता म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. उंबऱ्यात आईशेजारी टेकला.

"संस्कृती भेटली होती. मित्राच्या घरी शोधत आली," तो म्हणाला. "विचारत होती, तिथं मुलीपण होत्या का."

"मग?"

"होत्या."

तो अंगठ्यानं फरशी घासत होता. मग म्हणाला, "उद्या कामाला जाऊ नको. जबाब द्यायला जाऊ. तू बाहेर बस, आत येऊ नको. तुझ्यासमोर नाही बोलता येणार मला."

सायबर पोलिसांकडे तो साडेचार तास आत होता. फसवलेल्या लोकांबद्दल त्यानं स्वतःहून सांगितलं. साहेबांनी त्याला आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. राजसचं खरं नाव अजून कळलेलं नाही. त्याची दोन सिमकार्डं सापडली, तो सापडला नाही. आमोदनं नंतर कधी फोन केला नाही.

द्वारका बोलायला लागली आहे, पण थोडंच. इंद्रजीत हडपसरला एका गोदामात लागलाय. अधूनमधून झोपेत ओरडतो. आता तो ओरडला की विजयमालाबाई दिवा लावतात आणि त्याच्या उशाशी जाऊन बसतात. पूर्वी त्या खिडकी लावून घ्यायच्या, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. आता खिडकी उघडीच असते.