पाणी गळायलंय…

आधीच सांगून टाकतो. मी मुदखेडला वजनकाट्यावर नोकरी करतो. काटा जो आकडा दाखवेल तो लिहायचा आणि चिठ्ठी फाडायची, आयुष्य यातच गेलं. भूत, भानामती, अंगात येणं असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून जातो. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण तुम्हा वाचकांपैकी कोणाला याचा उलगडा झाला तर तो मला हवा आहे… फक्त कृपा करून ‘देवाची लीला’ असं कळवू नका. ते घरी ऐकून कान किटलेत.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी पूजा तिथं क्लाससाठी होस्टेलला होती. टँकर येईना, तेव्हा होस्टेलवाल्यांनी पोरींना घरी न्यायला सांगितलं. मी एसटीनं जाणार होतो. पण तेव्हा नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती, आणि आमचा तालुका त्यात घालू नका म्हणून वाटेतल्या गावांनी नेमका त्याच दिवशी बंद पुकारला. एसट्या डेपोत. मग मोटारसायकलच काढली.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. माझी गाडी जुनी, पण मी तिला जपतो. ऑइल, चेन, टायरची हवा, सगळं वेळच्या वेळी. मागच्या चाकाचं बेअरिंग आदल्याच वर्षी नवं टाकलेलं. पण त्या आठवड्यात माझा मेव्हणा अनिल गाडी घेऊन गेला होता. दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन लटकवून त्यानं आठवडाभर विहिरीवरून पाणी वाहिलं. ते ठीक, घरात पाणी लागतंच. पण परत देताना म्हणतो कसा,

“दाजी, बघा कशी चकाचक केली! पाण्याचा एक थेंब वापरला न्हाई.”

“मग कशानं धुतली?”

“डिझेलनं! ब्रशनं घासून, पार चाकाच्या आतपर्यंत मारलं. आमच्याकडं सगळेच करून राहिले आता.”

बेअरिंगमधलं ग्रीस डिझेलनं विरघळून जातं. हे मला माहीत होतं, आणि मी त्याला दोन शब्द सुनावलेही. त्यावर बायको म्हणाली, “त्यानं मदत केली तर तुमचं आपलं हेच.” मी चाक हातानं हलवून पाहिलं. खेळ नव्हता. फिरवलं, आवाज नव्हता. ग्रीस आत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. पहाटे निघालो, लातूरला पोचलो, पूजाला घेतलं. मागं तिची पेटी आणि वळकटी बांधली आणि लगेच परत फिरलो.

चाकूर मागं टाकलं तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. दोन पोरं गाडीवरून शेजारी आली. मागचा ओरडला,

“काका, पाणी गळायलंय!”

स्टँड खाली राहिला, ओढणी चाकात जायला लागली तर आपल्याकडं अनोळखी माणूसही ओरडून सांगतो. मी हात वर करून थांबलो. पूजाची पाण्याची बाटली पाहिली – झाकण घट्ट, बाटली तिनं प्यायली होती तेवढीच रिकामी. पेटी कोरडी. पेट्रोलची टाकी, नळी, इंजिन, सगळं बघितलं. काही नाही.

“टवाळ कार्टी,” मी म्हणालो. निघालो.

थोड्या वेळानं समोरून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि हातानं माझ्या मागच्या चाकाकडं दाखवत ओरडला, “ओ पाव्हणं, पाणी! पाणी चाललं सगळं!”

पुन्हा थांबलो. पुन्हा काही नाही. पूजा म्हणाली, “पप्पा, सगळे कशाला खोटं बोलतील?”

“लातूरकडून आलोय ना आपण. पाण्यावरून चेष्टा सुचते लोकांना.” मी तिच्यावरच खेकसलो. पोरगी होस्टेलवर महिनाभर बादलीभर पाण्यात दिवस काढत होती, आणि मी तिला पाण्यावरची चेष्टा समजावत होतो… असो. चिडलो होतो.

पुढं चढ संपतो तिथं रस्त्याच्या कडेला घागरींची रांग लागलेली होती, टँकरची वाट बघत. घागरी होत्या, माणसं सावलीला. फक्त एक बाई रांगेजवळ बसलेली, पन्नाशीची असेल. मला बघितलं तशी ती उठली आणि थेट रस्त्यावर धावून आली. दोन्ही हात पसरून आडवीच! ब्रेक मारला नसता तर अंगावरच गेलो असतो.

“ओ बाई, मरायचंय का? डोळे फुटलेत का तुमचे?”

“माझे न्हाई, तुझे फुटलेत!” ती माझ्यापेक्षा चढ्या आवाजात ओरडली. “आमी सकाळधरनं घागरी लावून बसलाव हितं, अन् तू मुडद्या रस्त्याला पाणी पाजीत चाललास! लाज हाय का?”

“कुठाय पाणी? दाखवा! ज्याला त्याला खामखा माझ्याच गाडीचं—”

“मागं बघ की!”

भांडायचं म्हणूनच मी गाडी स्टँडला लावली आणि पहिल्यांदाच गाडी सोडून मागच्या रस्त्याकडं पाहिलं.

डांबरावर ओली रेघ होती. करंगळीएवढी जाड, काळीभोर, सरळ. चढावरून खाली, नजर पोचेल तिथपर्यंत. त्या उन्हात, जिथं थुंकलं तरी क्षणात वाळावं. आणि ती येऊन थांबली होती माझ्या मागच्या चाकाच्या बरोबर मधोमध, ॲक्सलखाली. वर चाकाचा मधला गोळा, हब, कोरडाठाक. एक थेंब लोंबकळत नव्हता.

बाईनं वाकून रेघेवर तळहात टेकवला. नाकाशी नेला. “घासलेट न्हाई. पाणीच हाय,” ती म्हणाली, आता हळू. “गार हाय गं माय…”

मीही बोट लावलं. खरंच गार. वास नाही, तेलकटपणा नाही. मग मी तेच बोट वर हबला लावलं आणि किंचाळून मागं घेतलं. तव्याला लावल्यासारखं भाजलं. टायर धरून हलवला तर चाक इकडून तिकडं डुलत होतं. पूजानं ते पाहिलं आणि माझ्या पाठीला धरलं.

समोर उतार होता. उताराच्या तळाशी ओढ्यावरचा अरुंद पूल, कठडे तुटलेला. त्या उतारावर चाक जाम झालं असतं, तर मागं बसलेल्या पोरीचं काय झालं असतं हे मला लिहायचं नाही.

बाईनं पदराचं टोक त्या रेघेवर दाबलं, ओलं केलं आणि माझ्या भाजलेल्या बोटाला गुंडाळलं. “वरडले मी, मनावर घिऊ नगं,” म्हणाली. मी पूजाची बाटली पुढं केली. तिनं ती घेतली नाही. “लेकराला ऱ्हाऊ दे. लांब जायाचंय.”

आम्ही बोलत होतो तोवर रेघ सुकून गेली. टँकर आलेला नव्हता.

गाडी पुढच्या शिरूरपर्यंत ढकलत नेली. बंदमुळे गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. मिस्त्रीनं चाक खोललं. बेअरिंग निळं पडलेलं, गोळ्या धरून ठेवणारी कडी फुटून तिचे तुकडे झालेले, ग्रीसचा मागमूस नाही. मी विचारलं, आत पाणी होतं का?

“पाणी? अवो, हितं पेल्यात पाणी न्हाई, बेअरिंगमधी कुठलं?”

डिझेल म्हणाल, तर ते उन्हात असं उडून जात नाही आणि वास लपत नाही. पेट्रोलही नाही. भास म्हणाल, तर पोरं, ट्रॅक्टरवाला, बाई, पूजा आणि मी, सगळ्यांना सारखाच भास होत नसतो. सगळे कोन तपासले. काही लागत नाही.

घरी सासूबाई म्हणाल्या, महादेवानं गंगा सोडली. बायको म्हणाली, सोमवारी अभिषेक करू. मी म्हणालो, पाण्याचा? या दुष्काळात पिंडीवर पाणी ओतायचं? घरात दोन दिवस अबोला. अनिल तर मान डोलवून सांगत फिरतोय की त्याच्या हातची गाडी, म्हणून वाचली.

माझी पोर वाचली, हे मी नाकारत नाही. जे काही होतं त्याचे मी पाय धरीन. पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. मला थांबवायला गाडीनं खडखड आवाज केला असता, चेन तुटली असती, टायर पंक्चर झाला असता तरी चाललं असतं. मैलोनमैल पाणी ओतायची ताकद ज्याच्यात होती, त्यानं ते तापल्या डांबरावर का ओतलं? त्या बाईची घागर तर तिथंच होती. तोंड वर करून, रिकामी.