कशावरून सर

यशपाल शिवशरण हे नाव कॉलेजच्या मस्टरबाहेर फारसं कुणी घेत नाही. पोरं त्यांना ‘कशावरून सर’ म्हणतात. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं, की ते तोंडावर म्हटल्यासारखंच होतं. सरांनी त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडलं. वाईट वाटून घ्यायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि पन्नाशी उलटल्यावर, खच्चून भरलेले वर्ग, पेपरांचे गठ्ठे आणि वर निवडणुकीची कामं सांभाळताना माणूस त्राण जपून वापरतो.

सोलापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात ते इंग्रजी शिकवतात. म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांना विचारलं तर म्हणतील, ‘पोरांना इंग्रजीच्या पेपरातून पलीकडं नेऊन सोडतो.’ पण एवढ्यावर समाधान मानणारा माणूस असता तर त्याला हे टोपणनाव पडलं नसतं.

सर मूळचे होटगीचे. वडील यशवंत रेल्वेत गँगमन. पोरगा इंग्रजीत कायम पहिला यायचा, कारण त्याला अख्खं गाईड तोंडपाठ होतं. एम. ए. झाला, मुलाखतीला गेला. समोरच्या बाईंनी इंग्रजीत अगदी साधा प्रश्न विचारला, ‘तुमच्या गावात काय बदलायला हवं, असं तुम्हाला वाटतं?’ विज्ञान शाप की वरदान, हे विचारलं असतं तर यशपालनं दोन पानं घडाघडा म्हणून दाखवली असती. गाईडात होटगी नव्हतं. तो खाली बघत बसून राहिला. ती नोकरी हुकली. पुढे दुसरीकडे मिळाली, लग्न झालं, सोलापूरच्या बुधवार पेठेत घर झालं. पण त्या खुर्चीत मुका बसलेला तो पोरगा काही सरांच्या मनातून उठून गेला नाही.

म्हणून लॉकडाऊननंतर, घरोघर एक तरी मोबाइल आलाय हे बघून, त्यांनी वर्गाचा इंग्रजी ब्लॉग काढला. नियम दोनच. वाक्य छोटं आणि आपलं असावं. ‘आजच्या आधुनिक युगात’ असं लिहिणाऱ्याची पोस्ट वाचली जाणार नाही. दुसरा, कुणीही काहीही ठोकून दिलं, की खाली इतरांनी विचारायचं, ‘हाऊ डू यू नो?’ म्हणजे, कशावरून?

पहिल्याच वर्षी एकानं लिहिलं की आमच्या गावची एसटी उशिरा येते, कारण ड्रायव्हर आळशी आहे. सरांनी खाली विचारलं, कशावरून? पोरगा चार दिवस गायब. मग त्याची दुसरी पोस्ट आली, ‘मी ड्रायव्हरला विचारलं. तो आळशी नाही. गाडी लांबून येते आणि वाटेत फाटक लागतं.’ इंग्रजीत चुकांचा सडा होता, पण सरांनी ती पोस्ट दोनदा वाचली आणि घरी जाताना बायकोसाठी शेंगाचटणी घेऊन गेले. चेतनाताईंना कारण कळलं नाही. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, त्यांना कारणं विचारायला वेळ नसतो.

ते वर्ष वेगळं होतं. पुढेपुढे पोरं मार्कांसाठी लिहू लागली, आणि खालचं ‘हाऊ डू यू नो’सुद्धा मार्कांसाठीच टाकू लागली. सर जेवण झालं की मोबाइल डोळ्यांपाशी धरून चुका काढत बसत. “तुमचा ब्लॉग म्हणजे नुसती डोळेफोड,” चेतनाताई म्हणायच्या. “पोरं वाचतात तरी का?” सर पुढची पोस्ट उघडायचे. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

यंदा प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, फक्त तपासणीची समिती येणार म्हटलं की त्यांना घाम फुटतो. “समिती येतीय, शिवशरण. वर्गातल्या प्रत्येकाची पोस्ट पाहिजे. ब्लॉगमुळं आमची विचारशक्ती कशी वाढली, असं. शुक्रवारपर्यंत.”

“सर, पोरांना स्वतःचं लिहायला वेळ लागतो.”

“मग तुम्ही नमुना द्या की! पोरं उतरवतील. आणि हे बघा, चालू ठेवायचा असला ब्लॉग तर शोभेसारखा ठेवा. नसता बंद करून टाका.”

एरवी सरांनी हुज्जत घातली असती. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, आणि दोन वर्गांचे पेपर तपासायचे राहिले होते. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी नमुना लिहायला घेतला, आणि तो झरझर लिहून झाला. ‘आजच्या आधुनिक युगात ब्लॉग हे वरदान आहे. त्यामुळे माझी विचारशक्ती वाढली...’ इतक्या वर्षांनी ते गाईड आतून जसंच्या तसं बाहेर पडत होतं. वर त्यांनी लिहिलं, ‘माझं नाव: इथे आपले नाव लिहावे’, आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिलं.

संध्याकाळपासून पोस्ट धडाधड पडायला लागल्या. एकसारख्या, एकही स्वल्पविराम न हलवता. मंद्रूपच्या रुद्रप्पानं तर कमाल केली. हा घरी कानडी, गावात मराठी आणि कॉलेजात इंग्रजी बोलणारा, म्हणजे इंग्रजीच्या तासाला गप्प बसणारा पोरगा. त्याची पोस्ट सुरू झाली, ‘माझं नाव: इथे आपले नाव लिहावे.’ सरांना आधी हसू आलं, मग ते मावळलं. ते वाट बघत बसले. कुणीतरी, एखादा तरी, खाली विचारेल, कशावरून? एक सोडून सगळ्या पोस्ट येऊन गेल्या, कुणी विचारलं नाही. एवढी वर्षं हेच शिकवलं, आणि पोरांना फसवायला दुसरं कुणी लागलंच नाही. सरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

एक पोस्ट मात्र शुक्रवारी सकाळी आली. शहराच्या पूर्व भागातल्या काव्याची. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरी तेलुगू. तिनं लिहिलं होतं, ‘आधी माझ्या एका पानात दहा चुका असत. आता सहा असतात. माझी विचारशक्ती वाढली का, मला माहीत नाही. मी आता जास्त विचारते. घरी ते आवडत नाही. आई म्हणते, एवढं विचारणाऱ्या पोरीला कोण करून घेईल?’

सरांनी तिला बोलावलं. “नमुना मिळाला नाही का तुला?”

“मिळाला की, सर. पण विचारशक्ती वाढली म्हणून लिहिलंय त्यात. कशावरून, ते मला सापडंना. जेवढं सापडलं तेवढंच लिहिले.” मग ती जराशी घाबरली. “चुकलं का, सर?”

“नाही,” सर म्हणाले.

दुपारी प्राचार्यांचा फोन. “अहो, ती पोरगी स्वतःच्या चुका सांगत बसलीय! समिती काय म्हणेल? काढा ती. बाकीच्या छान आहेत.”

सर कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसले. त्यांनी पहिल्यांदा काढली ती रुद्रप्पाची पोस्ट, कारण ती बघवत नव्हती. मग त्याच्या खालची. मग त्याच्याही खालची. कुठल्याही क्षणी आपण थांबू असं त्यांना वाटत होतं. थांबले तेव्हा पानावर काव्याची एकटीची पोस्ट उरली होती. शूरपणा वगैरे काही वाटला नाही, फक्त मान दुखत होती. पोरांच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘नमुना माझा होता, चूक माझी. तुमच्या पोस्ट मी काढल्या. काव्याची वाचा.’

समिती आली. शाल झाली, नारळ झाला, जेवण झालं. ब्लॉग कुणी उघडलासुद्धा नाही. पण प्राचार्यांनी गाड्या गेल्यावर उघडला. ते ओरडले असते तर सरांना बरं वाटलं असतं. “आता बंदच करा, शिवशरण,” ते म्हणाले, “तुम्हालाही त्रास, आम्हालाही त्रास.”

“बरं,” सर म्हणाले. त्यांनी तिथंच, त्यांच्यासमोर, ब्लॉग बंद केला. एवढ्या वर्षांची गोष्ट, बोट टेकवायचा अवकाश. बॅग खांद्याला लावून ते निघाले. घरी जाऊन पडायचं, चेतनाला म्हणायचं, सुटलो, एवढंच डोक्यात होतं.

व्हरांड्यात भांडण चाललं होतं. काव्या आणि रुद्रप्पा, मध्ये तिची वही, भोवती पाचसहा पोरं. सरांना बघून रुद्रप्पा पुढे आला. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या पोराचा चेहरा लाल झाला होता.

“सर, हिनं लिवलंय की नाय, पानात सहा चुका म्हणून? म्हटलं कशावरून, कुणी मोजल्या? वही घिऊन म्या मोजलो. सात हायत!”

“कुणी सांगितलं तुला मोजायला?”

“कुणी न्हाय, सर.” तो गोंधळला. “ती सांगालीय म्हणून खरं धरायचं व्हय?”

“सातवी चूकच नाही बे ती!” काव्यानं वही त्याच्या हातातून ओढली. “सातवी कशावरून? दाखव!”

रुद्रप्पानं पानावर बोट टेकवलं. सगळी डोकी वहीवर वाकली. ब्लॉग बंद झाल्याचं सरांना सांगायचं होतं, ते राहून गेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पोरांना दिसू नये म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“सर, तुमी सांगा,” रुद्रप्पा म्हणाला, “चूक हाय की न्हाय?”

सरांनी बॅग खाली ठेवली आणि ते पायरीवर बसले.

“मी नाही सांगणार,” ते म्हणाले. “चालू द्या तुमचं.”