दौलत पेंटरचं रंगीत घर

सहावीच्या वर्गावर मी भूगोल शिकवत होते. शिपाई सांगत आला, हेडमास्तरांच्या खोलीत नागपूरहून ट्रंक कॉल आहे. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे ताईचा आवाज. "सिंधू, तुझे भाऊजी गेले वं..." मग बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं, लाइन तुटली. तेवढ्यात ती म्हणाली, "सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायची सवडच दिली नाही. आता घरात माणसाले उभं राहाले जागा नाही. लोकं सामान बाहेर काढून काढून थकले. तू लवकर ये." वर्ध्याहून निघालेल्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि रडायचं सोडून मनातल्या मनात भाऊजींचं सामानच आठवत राहिले. कोणतं दारातून निघेल, कोणतं निघणार नाही...

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलताईचे यजमान. नागपुरात इंदोऱ्यापासून इतवारीपर्यंत त्यांना सगळे दौलत पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवायचं त्यांचं काम. अक्षर असं गोल आणि भरीव, की दुकानात माल असो नसो, पाटी बघून गिऱ्हाईक आत शिरावं. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास ताईचं लग्न झालं. तिची स्वप्नं फार मोठी नव्हती. शेजाऱ्यांकडे होतं तसं एक लोखंडी कपाट आणि फोल्डिंगच्या चार खुर्च्या. पण त्या दिवसांत कामठीच्या छावणीतले साहेबांचे जुने बंगले रिकामे होत होते, आणि भाऊजींना लिलावाची खबर कुठून लागायची कोण जाणे. सायकल काढून निघायचे ते कॅरियरला काहीतरी बांधूनच परतायचे. कधी तीन पायांचं टेबल, कधी आरसा नसलेली आरशाची चौकट, एकदा तर हॅट अडकवायचा खांब. आमच्या अख्ख्या वस्तीत कोणाकडे हॅट नव्हती. ताईने त्यावर चाळण्या टांगल्या.

आणलेल्या प्रत्येक वस्तूला रंग लागायचाच. पाट्यांचे डबे तळाशी उरले की ते सगळे या सामानावर रिकामे व्हायचे. त्यामुळे घरात काय रंगलंय ते पाहून नागपुरात कोणाची पाटी झाली हे कळायचं. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काहून वं विमल, मिठाईवाल्याची पाटी झाली वाटते? तुझा पाट गुलाबी दिसून राहिला."

एकदा ते लांब हातांची आरामखुर्ची घेऊन आले. ही खुर्ची त्यांनी स्वतःसाठी आणली नव्हती. भाऊजींचे वडील, ज्यांना आम्ही सगळे बाबाच म्हणायचो, तरुणपणी त्याच छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढायचे. व्हरांड्यात जमिनीवर बसायचं आणि दोरी ओढत राहायचं. आत साहेब या खुर्चीत पाय वर टाकून पडलेला असायचा. तोच बंगला, तीच खुर्ची. भाऊजींनी ती अंगणाच्या मधोमध मांडली, धोतराने पुसली, चार शेजारी बोलावले. बाबा आले, खुर्चीभोवती एक चक्कर मारली, आणि बाजूला जाऊन भुईवर बसले.

"बसा ना बाबा," भाऊजी म्हणाले.

"नाही गा."

भाऊजींचे डोळे भरून आले. त्यांनी शेजाऱ्यांसमोर छोटंसं भाषणच केलं. "आता कोणाले भ्यायचं काम नाही बाबा. आपण दीक्षा घेतली, ते दिवस गेले. आता तुमाले कोणी उठवणार नाही..."

बाबा म्हणाले, "भेतो कोण? ढेकणं हायेत तिच्यात. तो साहेब दुपारभर खाजवत राहे. मी तिकडं पंखा ओढता ओढता हसत राहो."

शेजारी असे हसले की भाषण तिथेच संपलं. खुर्ची उन्हात टाकली, फटीफटीत रॉकेल ओतलं, आणि खरंच, साहेबाच्या ढेकणांची पणतवंडं भराभरा बाहेर पडली. आठ दिवसांनी निळा रंग लागला. मग बाबा त्या खुर्चीत बसले, दोन्ही पाय लांब हातांवर टाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. आता वारा घाल गा." आम्हाला वाटलं थट्टा आहे. पण भाऊजींनी वर्तमानपत्राची घडी केली आणि वारा घालायला लागले. बाबांना झोप लागली तरी त्यांचा हात थांबला नाही. मी तेव्हा ओसरीत तांदूळ निवडत होते. हसता हसता मी खडे तांदळात आणि तांदूळ खड्यांत टाकायला लागले, हे आठवतं.

कपाटाची गोष्ट त्यानंतरची. तेव्हा मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. ताईला सातवा महिना होता. कन्हानच्या खाणीवरचा एक मॅनेजर बदलून गेला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान निघालं. "तू यांच्यासंगं जा," ताईने मला बजावलं, "अन् मोठं काही आणू देऊ नको." मी गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत भाऊजींनी सात फूट उंच, दोन दारांचं, कोरीव माथ्याचं कपाट घेतलं. मी काही बोलायच्या आत ते बैलांच्या बंडीवर चढलंही होतं. मे महिना. कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत माझं डोकं तापून गेलं. भाऊजी म्हणाले, "सिंधू, कपाटात बस. सावली आहे." कपाट दोरांनी बांधून उभंच ठेवलं होतं. मी एक दार उघडं ठेवून आत बसले. खरंच थंड होतं. कामठी गेली, माझा डोळा लागला... आणि कुठल्यातरी खड्ड्यात बंडी आदळली, दार धाडकन लागलं आणि अडकलं.

मी आतून थापा मारत होते, पण बंडीच्या खडखडाटात कोणाला ऐकू जाईना. शेवटी बंडी थांबली. शहराच्या तोंडाशी जकात नाका होता. बाहेरून कारकुनाचा आवाज आला, "कपाटात काय आहे?"

"काही नाही साहेब, खाली आहे," भाऊजी म्हणाले.

त्याच क्षणी मी जीव खाऊन लाथ मारली. "भाऊजी, दार उघडा!"

"हे कोण?" कारकुनाने विचारलं.

भाऊजी अगदी शांतपणे म्हणाले, "साळी आहे साहेब, बायकोची बहीण."

"साळी कपाटात काहून ठेवली?"

"ऊन लागून राहिलं होतं तिले."

मग सगळा नाका दार ओढायला जमला. दार निघालं तेव्हा मी घामाने थबथबलेली, केसांत कोळिष्टकं, अशी बाहेर पडले. कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, वही उघडली आणि म्हणाला, "जुन्या सामानाचा दर आहे. साळीचा नाही."

घरी आल्यावर कळलं की कपाट दारातून जात नाही. भाऊजींनी टेप काढून दार मोजलं, कपाट मोजलं आणि जाता जाता ताईच्या पोटाकडेही एकदा पाहिलं, तेव्हा ती जी भडकली! बारा दिवस कपाट अंगणात उभं होतं. शेजाऱ्यांची कोंबडी खालच्या खणात अंडी घालून गेली. "एक तर हे राहील, नाहीतर मी," असं ताईने जाहीर केलं. तेराव्या दिवशी भाऊजींनी दाराची चौकट काढली. तिच्यासोबत हातभर भिंतही आली. कपाट आत गेलं, भिंत पुन्हा बांधली, आणि ताईचं बोलणं बंद झालं. चार दिवस ती मला सांगायची, "त्याईले सांग, जेवाले वाढलं आहे." भाऊजी तीन हातांवर बसलेले असायचे.

त्या चार दिवसांत कपाट हिरवं झालं, त्यावर गुलाबी कमळं उमलली. पाचव्या दिवशी ताईने लुगडी ठेवायला दार उघडलं आणि तिथेच थांबली. दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, पाटीच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'विमल वस्त्र भांडार. प्रोप्रा. विमलबाई.' आणि खाली बारीक अक्षरांत: 'आमची इतर कोठेही शाखा नाही.'

"शाखा काढून तर पाहा!" ताई ओरडली. पण ती हसत होती, आणि भाऊजींना कळलं की आता वाढायचा निरोप माझ्याकडून येणार नाही.

वर्षं गेली. मी नोकरीसाठी वर्ध्याला आले. भाऊजींचा उजवा हात थरथरू लागला, पाट्यांची कामं कमी झाली. सुट्टीत मी गेले होते तेव्हा मुंबईहून जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. कोणीतरी त्याला पत्ता दिला होता. ताई वर्षानुवर्षं म्हणायची, हे धूड कोणी नेईल त्याला मी चहा पाजीन. तसा तिने पाजलाही. कपाट सुटं करून नेऊ, असं तो म्हणाला, तेव्हा भाऊजींनी नुसती मान डोलावली. पाट्यांनी घर चालत नव्हतं, कपाटाच्या वर्षी झालेली मुलगी शिकत होती. तो माणूस म्हणाला, "लाकूड शिसमचं आहे, पण या रंगानं सत्यानाश केलाय. सगळा घासून काढावा लागेल." आणि बोलता बोलता त्याने खिशातून किल्ली काढून एका कमळाची पाकळी खरवडली.

"कप खाली ठेवा," ताई म्हणाली.

"काय झालं बाई?"

"भांडार बंद आहे."

तो गेल्यावर भाऊजींनी गुलाबी रंगाचा डबा शोधून काढला. मग ब्रश घेऊन ती पाकळी भरायला बसले. हात हलायचा, रंग रेषेबाहेर जायचा. ती पाकळी बाकीच्यांसारखी झाली नाही, वाकडी झाली. पुसून पुन्हा लावतो म्हणाले. "असू द्या," ताई म्हणाली, "कमळं काय मोजमापानं उगवतात?"

तरी रंगवणं सुटलं नाही. हात स्थिर नाही म्हणून ते आता थरावर थर द्यायचे, म्हणजे थरथर झाकली जाते. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी भंगारवाल्याकडून एक स्टूल आणलं आणि त्याला असा दाट पिवळा रंग दिला. हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदनेला सगळे पांढऱ्या कपड्यांत आले, बसायला जागा कमी पडली, तेव्हा कोणीतरी मागच्या पडवीतून ते स्टूल आणून भाऊजींचे थोरले चुलतभाऊ किसनदादा यांना दिलं. किसनदादांनी जन्मभर भाऊजींच्या सामानाला भंगार म्हटलं होतं. ते दोन शब्द बोलायला उठले, तर स्टूलही त्यांच्यासोबत वीतभर उठलं आणि धप्पकन खाली पडलं. सगळ्यांना वाटलं, पायाला लागून पडलं. किसनदादा वीस मिनिटं फार गंभीर बोलले आणि शेवटी फोटोला वंदन करायला वळले. त्यांच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावर मागे पिवळाधमक गोल चंद्र होता.

कोणी हसलं नाही. आम्ही सगळे पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतो. मग समोरून एक बारीक आवाज आला, उकळत्या भांड्यावरचं झाकण हलल्यासारखा. ताई पदर तोंडात कोंबून हसत होती. इतकी हसली की तिला धरावं लागलं, आणि धरल्यावर कळलं की आता ती रडते आहे. चार दिवसांत पहिल्यांदा.

परवा मी पुन्हा जाऊन आले. सामान सगळं आपापल्या जागी लागलं आहे. स्टूल तेवढं पडवीत आहे, पायजम्याच्या विणीचा ठसा अजून त्यावर दिसतो. पावसाळ्यातली दमट हवा आणि भाऊजींचे थर, वाळायचं नाव नाही. ताई सकाळी उठली की आधी पडवीत जाते, वाकते, काठाला बोट टेकवून बघते. मी म्हटलं, जरा उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत सुकेल.

"नको वं," ती म्हणाली. "सुकू दे आपलं आपलं. काहून घाई करावी..."